जुन्या कॉम्प्युटरला नवा उंदीर!

बालमित्रांनो, माउसच्या पोटातला गोळा तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय? बहुतेकांनी नसेलच. आईबाबांना विचारा, ते लगेच हसतील. मी डी.एड.ला होते तेव्हा आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत दहा माउस होते आणि गोळे मात्र सहाच! बाकीचे कुणीतरी खेळायला पळवले होते. ज्याच्या माउसमध्ये गोळा नाही, त्याच्या पडद्यावरचा बाण जागचा हलायचा नाही. मग सर यायच्या आत शेजारच्या माउसचं झाकण फिरवून... जाऊ दे, ते काही तुम्हाला सांगण्यासारखं नाही.

या गोळ्याची आठवण यायचं कारण म्हणजे माझे मामा. मामा १९८९ साली नोकरीसाठी पश्चिम जर्मनीत गेले होते. दोन वर्षांनी परत आले ते एक कॉम्प्युटर घेऊन. कमोडोर कंपनीचा अमिगा ५००. जाडजूड कीबोर्डसारखा दिसणारा, सगळा कॉम्प्युटर त्या कीबोर्डच्याच पोटात. हा अमिगा १९८७ मध्ये बाजारात आला आणि युरोपात घराघरांत पोचला. ज्या काळात आपल्याकडच्या बऱ्याच कॉम्प्युटरांवर काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दिसत, त्या काळात हा रंगीत चित्रं काढायचा, चार आवाजांत गाणी वाजवायचा. आणि त्याच्याबरोबर माउस यायचा.

मी सुट्टीत मामांकडे जायची तेव्हा त्या माउसवर ताईचा, म्हणजे माझ्या मामेबहिणीचा, हक्क असायचा आणि तिच्याहून जास्त मामीचा. ‘डीलक्स पेंट’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये मामी रांगोळ्या काढायची! त्यात एक सोय होती. तुम्ही एका जागी रेघ ओढली की तीच रेघ आपोआप गोलाकार सहा ठिकाणी उमटायची. मामी एक पाकळी काढायची आणि पडद्यावर फूल उमलायचं. आम्ही पोरं तोंडाचा आ करून बघत बसायचो.

मामी चार वर्षांपूर्वी गेली. तिच्या रांगोळ्या अकरा फ्लॉप्यांवर आहेत. अमिगाच्या फ्लॉपीवर ८८० किलोबाइट मावतात आणि लिहिण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे नेहमीच्या कॉम्प्युटरच्या फ्लॉपी ड्राइव्हला त्या वाचता येत नाहीत. त्या पाहायच्या तर अमिगा चालू हवा. अमिगा चालू झाला, पण माउस मेला होता. बाण वर-खाली जायचा, डावी-उजवीकडे मात्र हटून बसायचा. गोळ्याचं रबरही इतकं टणक झालं होतं की टेबलावर तो नुसता घसरायचा.

‘नवा माउस आणून लावू की!’ असं ताईचा मुलगा म्हणाला. तो नववीत आहे. त्याने आणलाही. पण त्याचं टोक यूएसबीचं, चपटं. अमिगाच्या मागे नऊ पिनांचं भोक. ‘मग टोक बदलणारी जोडणी मिळते ना?’ मिळते. पण टोक बदललं म्हणून भाषा बदलत नाही. या वाक्यावर मामा, भाचा आणि मी असे तिघं जण दोन महिने अडकलो होतो. त्याचीच ही गोष्ट.

आधी जुना माउस काय बोलतो ते पाहू. त्याच्या पोटातला गोळा फिरला की त्याला टेकलेले दोन छोटे रूळ फिरतात. एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. प्रत्येक रुळाच्या टोकाला खाचांची चकती असते, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखी. चकतीच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा डोळा. खाच समोर आली की उजेड, आरा आला की अंधार. उजेड-अंधार मोजले की चकती किती फिरली ते कळलं.

पण कुठल्या बाजूला फिरली? ते एका डोळ्याला कळत नाही! उजवीकडे फिरवा नाहीतर डावीकडे, त्याला उजेड-अंधार-उजेड-अंधार एवढंच दिसतं. म्हणून त्याच्याशेजारी अगदी थोड्या अंतरावर दुसरा डोळा बसवतात. आता चकती एका बाजूला फिरली तर पहिल्या डोळ्याला उजेड आधी दिसतो, उलटी फिरली तर दुसऱ्याला.

हे माझ्या चौथीच्या वर्गाला मी खेळातून दाखवलं. दोन मुलांना पुढे उभं केलं. पहिल्याने हात वर करायचा, मग दुसऱ्याने. पहिल्याने खाली, मग दुसऱ्याने. असं सारखं चालू ठेवायचं. ही ‘उजवीकडे’. आता दुसऱ्याने सुरुवात करायची, पहिल्याने त्याच्या मागून. ही ‘डावीकडे’. बाकीच्यांनी नुसते हात पाहून दिशा सांगायची. आमच्या वर्गाला चौथ्या फेरीपर्यंत बिनचूक जमायला लागलं. तुम्हीही करून पाहा, पण घाई करू नका. हात फार भरभर हलले की बघणाऱ्याचा गोंधळ उडतो. हा गोंधळ लक्षात ठेवा, तो पुढे आमच्याही नशिबी होता.

तर जुना माउस असा चार तारांवरून ‘हात वर, हात खाली’ करतो. दोन तारा आडव्या, दोन उभ्या. याखेरीज डाव्या बटणाची एक, उजव्या बटणाची एक, एक ५ व्होल्टची आणि एक परतीची. झालं. त्याला ना भाषा, ना व्याकरण. मोजण्याचं सगळं काम कॉम्प्युटरच्या अंगावर.

नव्या माउसची तऱ्हाच वेगळी. त्याच्या पोटात गोळा नाही, चक्क कॅमेरा आहे. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने असा माउस घरोघरी आणला, तो सेकंदाला १५०० फोटो घ्यायचा! टेबलाचा आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो ताडून पाहून तो स्वतःच ठरवतो की आपण किती सरकलो. मग तो आकडा तयार ठेवतो. ‘तयार ठेवतो’ म्हणाले, ‘पाठवतो’ नाही. कारण यूएसबी माउस आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखा असतो, विचारल्याशिवाय बोलत नाही. कॉम्प्युटरने आधी ‘तू कोण?’ विचारायचं, त्याने ‘मी माउस’ सांगायचं, मग कॉम्प्युटर त्याला सेकंदाला शंभराहून अधिक वेळा विचारत राहतो, ‘हललास का? किती?’ बिचाऱ्या अमिगाला हे प्रश्न विचारताच येत नाहीत. यूएसबीच मुळी १९९६ सालचं! म्हणजे एक जण हात वर होण्याची वाट पाहतोय आणि दुसरा प्रश्न विचारण्याची. दोघंही गप्प.

तुम्ही म्हणाल, पूर्वी माउसबरोबर एक हिरवं टोक मिळायचं, ते लावलं की यूएसबीचा माउस जुन्या गोल भोकात चालायचा. बरोबर आहे. पण ते टोक काही करत नव्हतं, बरं का! त्या माउसच्या चिपलाच दोन्ही भाषा येत होत्या. आणि त्या दुसऱ्या भाषेलाही अमिगाचं ‘हात वर, हात खाली’ येत नाहीच.

मग मधे बसवायचा दुभाषा. हे काम करणारे छोटे बोर्ड तयार मिळतात. पण भाच्याला स्वतः करायचं होतं. त्याने रास्पबेरी पाय पिको नावाचा बोर्ड आणला. हा २०२१ मध्ये आला, तेव्हा त्याची किंमत अवघी ४ डॉलर होती. लांबी पाच सेंटिमीटर, रुंदी दोन. एका बाजूने तो यूएसबी माउसला प्रश्न विचारतो, आलेला आकडा घेतो आणि दुसऱ्या बाजूने अमिगासाठी तेवढे हात वर-खाली करतो.

इथे मामांनी त्याचा हात धरला. अगदी खरोखर धरला, कारण तो तारा थेट जोडायला निघाला होता. अमिगा ५ व्होल्टवर चालतो आणि पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या. थेट जोडल्या तर पिको जळू शकतो. तो एक वेळ परवडला, दुसरा आणता येईल. पण चुकून ५ व्होल्टची तार भलत्या पिनेला लागली तर अमिगाच्या आतली चिप जाईल. ती चिप कमोडोरची, आणि कमोडोरचं दिवाळं एप्रिल १९९४ मध्ये वाजलं. म्हणजे चिप गेली की कुणाच्या तरी बंद पडलेल्या अमिगातून काढलेली शोधत हिंडायचं. मामा म्हणाले, ‘आधी कागदावर काढ. मग दुसऱ्या कागदावर काढ. दोन्ही जुळले तर जोड.’

मग त्याने प्रत्येक तारेवर एक छोटा ट्रान्झिस्टर बसवला. चार हालचालीच्या, दोन बटणांच्या, असे सहा. ट्रान्झिस्टर इथे विजेच्या बटणासारखा काम करतो. अमिगा आपली तार स्वतःच वर धरून ठेवतो, आपण फक्त ती खाली ओढायची किंवा सोडायची. आपल्याकडून अमिगात वीज ढकलायचीच नाही. ही पद्धत मला फार आवडली.

एवढं करून लावलं तर काय? माउस उजवीकडे नेला की बाण नुसता थरथरायचा, थंडी वाजल्यासारखा. तास गेला. मामांनी कागद मागितला आणि हसायला लागले. भाच्याने पिनांचा तक्ता घेतला होता तो अटारी एसटी या दुसऱ्याच कॉम्प्युटरचा! तोही त्याच काळातला, त्याचंही भोक नऊ पिनांचं, ५ व्होल्टची पिनही तीच. पण हालचालीच्या तारांचा क्रम वेगळा. आडव्या जोडीतली एक तार उभ्या जोडीत गेली होती आणि उभीतली आडवीत. पहिली आणि चौथी तार अदलाबदल केली आणि बाण शहाण्यासारखा चालायला लागला. वीज जोडणारी पिन दोन्हीकडे सारखी होती म्हणून वाचलो. काही जुन्या यंत्रांत तीही वेगळी असते, टोक मात्र हुबेहूब तसंच. टोक सारखं दिसलं म्हणून लावायचं नाही, हे मी वहीत लिहून ठेवलंय.

आता खरी पंचाईत. मामांचं वय चौऱ्याहत्तर, उजवा खांदा आखडलेला. माउस टेबलावर इकडून तिकडे सरकवला की त्यांचा खांदा दुखतो. ताईने त्यांच्यासाठी ट्रॅकबॉल आणला. ट्रॅकबॉल म्हणजे उताणा झोपवलेला माउस! त्याला हलवायचं नाही, वरचा गोळा बोटांनी फिरवायचा, हात जागच्या जागी. आणि हा माउसपेक्षा वयाने मोठा आहे, हे मला नव्हतं माहीत. डग्लस एंगलबार्ट यांचा लाकडी माउस १९६४ च्या सुमाराचा. कॅनडाच्या नौदलासाठी काम करणाऱ्या इंजिनियरांनी ट्रॅकबॉल केला तो १९५२ मध्ये, आणि त्यात बसवला होता बोलिंगच्या खेळातला गोळा! विचार करा, काय दिसत असेल.

आम्हाला वाटलं, ट्रॅकबॉलसाठी पुन्हा पहिल्यापासून मेहनत. पण यूएसबीवर तोही ‘मी माउस’ असंच सांगतो. लावला आणि चालला! मामा खूश. त्यांनी गोळ्याला जोरात झटका दिला आणि बाण उजवीकडे जायचा तो सुळकन डावीकडे पळाला. पुन्हा झटका, पुन्हा उलटा. हळू फिरवला की सरळ. भाचा म्हणाला, ‘आजोबा, तुम्ही उलटं फिरवताय.’ मामा म्हणाले, ‘मी नाही रे, तुझा दुभाषा खोटं बोलतोय.’

खोटं कुणीच बोलत नव्हतं. तुम्हाला वर्गातला तो भरभर हात हलवण्याचा गोंधळ आठवतोय? तसंच काहीसं. अमिगात हात मोजणारा एक मोजणीदार असतो. तो ० ते २५५ पर्यंतच मोजतो, मग परत ०. कॉम्प्युटर त्याच्याकडे सेकंदाला ५० वेळा डोकावतो. असं समजा, मागच्या वेळी आकडा १० होता आणि आता २०० आहे. हा १९० पावलं पुढे गेला की ६६ पावलं मागे? घड्याळाकडे तुम्ही बाराला पाहिलंत आणि नंतर एकदम पाहिलंत तर काटा नवावर. तो नऊ तास पुढे गेला की कुणी तीन तास मागे केला, नुसतं बघून कसं सांगणार? अमिगा जवळचा रस्ता खरा मानतो. म्हणजे ६६ पावलं मागे. एका डोकावण्यात १२७ पेक्षा जास्त पावलं पडली की दिशा उलटी!

आता गणित करा. १२७ गुणिले ५० म्हणजे सेकंदाला ६३५० पावलं. जुना माउस एक इंच सरकला की साधारण २०० पावलं मोजायचा. ६३५० भागिले २०० म्हणजे जवळजवळ ३२ इंच. सेकंदात ३२ इंच माउस कोण पळवणार? म्हणून त्या काळी कुणाला अडचण आली नाही. मामांचा ट्रॅकबॉल मात्र एका इंचाला १६०० पावलं मोजतो. ६३५० भागिले १६०० म्हणजे चार इंचांपेक्षाही कमी. एक झटका पुरे.

भाच्याने उपाय काढला. आलेल्या आकड्याला ८ ने भागायचं. १६०० चे झाले २००, जुन्या माउसइतके. झटक्याचा प्रश्न मिटला. पण दुसराच उपटला. मामा रांगोळीची बारीक रेघ ओढायला गोळा अगदी हळू फिरवायचे आणि बाण ढिम्म. कारण हळू फिरवताना एका वेळी ३ पावलं येतात. ३ भागिले ८ म्हणजे ०. पुन्हा ३, पुन्हा ०. कितीही वेळ फिरवा, शून्यच.

आता इथे नववीतल्या मुलाला आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या इंजिनियरला जे सुचलं नाही ते प्राथमिक शिक्षिकेला सुचलं, हे मी जरा फुशारकीने सांगते. मी म्हटलं, ‘अरे, हातचा कुठे गेला?’ बेरजेत आपण उरलेला आकडा टाकून देतो का? नाही, पुढच्या घरात नेतो. इथे पहिले ३ राखून ठेवायचे. पुढचे ३ आले की ६. अजून ३ आले की ९. आता एक पाऊल द्यायचं आणि उरलेला १ पुन्हा हातचा. भाचा दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिला. ‘मावशी, तू आधी का नाही सांगितलंस?’ आधी मला कुणी विचारलं होतं?

आपल्याकडेही असे जुने कॉम्प्युटर कुठे कुठे माळ्यावर असतील. १९८४ मध्ये भारत सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला होता, त्यात बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर दिले गेले. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रम बाजारात आणला होता. यांच्याबरोबर माउस येत नसे, तो वेगळा घ्यावा लागे आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. सगळ्यांत गमतीदार कमोडोर ६४. त्याचा १३५१ नावाचा माउस आपली जागा सांगतो ती कुणाला, तर गाणी वाजवणाऱ्या चिपला! त्या चिपमध्ये फिरत्या बटणाची जागा मोजायची सोय असते आणि माउस आपण तसंच बटण असल्याचं सोंग घेतो. त्याच्यासाठी दुभाषाही वेगळा लागतो. अमिगाचा तिथे चालत नाही.

पालकांना एक सांगायचंय. मुलांनी असा खटाटोप करायला काही हरकत नाही, ५ व्होल्टने कुणाला झटका बसत नाही. पण सोल्डर करताना शेजारी बसा. जुना टीव्ही आणि वीजपुरवठ्याचा डबा मुलांना मुळीच उघडू देऊ नका, त्यांत बंद केल्यावरही वीज साठून राहते. कॉम्प्युटर चालू असताना माउसचं टोक काढू-घालू नका. आणि रंगीबेरंगी दिवे चमकणारा माउस घेऊ नका. जुन्या यंत्राच्या त्या पिनेतून थोडीच वीज मिळते, ती दिव्यांवर कशाला घालवायची?

अकरापैकी आठ फ्लॉप्या वाचता आल्या. तीन गेल्या. त्यांतल्या एकीवर मामीच्या अक्षरात ‘दिवाळी’ लिहिलंय, तीच गेली. आठव्या फ्लॉपीवर एक रांगोळी अर्धवट निघाली. आतलं कमळ पूर्ण, बाहेरचं कडं निम्मंच, रंग फक्त दोन भरलेले. ताई म्हणाली, ‘राहू दे तशीच.’ मामा काही बोलले नाहीत. त्यांनी आधी तिची दुसऱ्या फ्लॉपीवर नक्कल केली, मूळची फ्लॉपी कप्प्यात ठेवली आणि नकलेवर ट्रॅकबॉल फिरवायला सुरुवात केली. एक ठिपका दिला, सहा उमटले. पुढची रेघ वाकडी गेली. डीलक्स पेंटमध्ये उजवं बटण दाबून रंगवलं की मागचा रंग लागतो, म्हणजे रेघ पुसली जाते, हे त्यांना अजून आठवत होतं. पुसली. पुन्हा ओढली. पुन्हा वाकडी.

‘अजून जरा हळू कर रे याला,’ मामा म्हणाले. भाच्याने अमिगा बंद केला, टोक काढलं, प्रोग्रॅममधला ८ खोडून १२ केला आणि परत लावून दिलं.